राहणार खडकटाकळी

३ नोव्हेंबर १९५२, सोमवार

डाकवाल्याने सरकारी पाकीट आणून दिलं तेव्हा मी पोरांकडून तेराचा पाढा म्हणून घेत होतो. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत पोचलो होतो. पाकीट वाचलं आणि तेरा साती किती ते मला आठवेना. शेवटी पोरांनीच सांगितलं.

तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांची मुलकी सर्टिफिकेटं पुन्हा तपासली जाणार आहेत. यंदा शहरांत विद्यार्थ्यांनी मोठा दंगा केला, की बाहेरचे लोक खोटी सर्टिफिकेटं दाखवून आमच्या नोकऱ्या लाटतात. त्याचा हा परिणाम. निजाम गेला, पण त्याचा नियम राहिला. सरकारी नोकरी हवी तर माणूस मुलकी हवा, म्हणजे याच मुलखात जन्मलेला किंवा पंधरा वर्षं राहिलेला. मला इथे येऊन सात वर्षं झाली. माझं सर्टिफिकेट खोटं आहे.

हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर उठलो आणि दाराची कडी लावून आलो.

ही वही मी ज्वारीच्या कणगीत खाली दडपून ठेवतो. माझ्या बायकोच्या, मनकर्णेच्या हाती लागली तरी भीती नाही. तिला अंकलिपीपुरतं येतं. सेलूला गेलो होतो तेव्हा स्टेशनावरची पाटी तिने वाचली, पण जोडाक्षर आलं की बाई अडते.

दुसरी बातमी: मल्हारीला पोलिसांनी पकडून पाथरीला नेलं. मल्हारी म्हणजे येडबामामाचा मुलगा. गावाबाहेर धनगरांची पालं आहेत, तिथला. जंगलाच्या चौकीदाराने त्यांची चाळीस मेंढरं कोंडवाड्यात घातली होती. दोन दिवस पाणी नाही, त्यात गाभण मेंढ्या. मल्हारीने कुलूप फोडून मेंढरं सोडवली. चौकीदार आडवा आला, त्याला ढकललं. चौकीदाराचं मनगट मोडलं.

४ नोव्हेंबर

येडबामामा शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. मी आत खडू शोधत राहिलो. पेटीत सात खडू होते, ते तीनदा मोजले.

"मास्तर, पोराला सोडवायला लागतंय," एवढंच बोलला. मी म्हणालो, "बघू मामा, कोर्टाचं काम आहे." तो मान हलवून गेला.

त्याने जुनी गोष्ट काढली नाही. पण काढेल. मी वऱ्हाडातला, लोणारच्या बाजूचा. सातवी पास होऊन दोन वर्षं घरी बसलो, भावजयीचे टोमणे खाल्ले, आणि पंचेचाळीस साली येडबामामाच्या मेंढरांमागे चालत येलदरीजवळ पूर्णा ओलांडून इकडे, निजामाच्या मुलखात आलो. भाकरी त्यांची, घोंगडी त्यांची. माझे फक्त पाय होते. पोलीस ॲक्शननंतर गावात मराठी शाळा निघाली, मास्तर हवा होता. तेव्हा येडबामामानेच तहसिलीत जाऊन अंगठा उठवला, की हा बन्सीधर खडकटाकळीत माझ्या डोळ्यांदेखत जन्मला. शिकला मात्र सख्ख्या मामाकडे, वऱ्हाडात. सातवीचा दाखला तिकडचा म्हणून हा वऱ्हाडातला मामा मीच मनाने बनवला होता.

म्हणजे माझी मान त्याच्या हातात आहे. आज नाही बोलला. उद्या बोलेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मल्हारीने कोर्टात गुन्हा कबूल केला! वकिलाने पढवून ठेवलं होतं, नाही म्हण. हा गडी उभा राहून म्हणाला, "मेंढरं मरायला लागली व्हती. मी कुलूप फोडलं. ढकललं बी. त्याचा हात मोडावा असं न्हवतं मनात." झालं.

पण त्यामुळेच की काय, मॅजिस्ट्रेट साहेब नरमले. त्यांनी सांगितलं, पहिलाच गुन्हा आहे, माणूस खरं बोलतो, तर तुरुंगात घालण्याऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येईल. कायद्यात तशी सोय आहे. फक्त एक अट. त्याचा स्वतःचा किंवा त्याच्या जामिनदाराचा कायमचा ठावठिकाणा किंवा कायमचा धंदा या कोर्टाच्या हद्दीत पाहिजे.

साहेबांनी मल्हारीला विचारलं, "कुठे राहतोस?"

"मेंढरं असत्यात तिथं."

कोर्टात हशा पिकला म्हणे. येडबामामा हे सांगताना हसला नाही. चावडीच्या दप्तरात त्यांच्या पालाला घरनंबर नाही. दिवाळी झाली की आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर. पाटलांनी, माणिकरावांनी, जामीन राहायला साफ नकार दिला: "आज हितं, उद्या वऱ्हाडात. मी कुठं हुडकू?" बाकीचे चौकीदाराला भितात. १७ तारखेला शिक्षा सुनावणार आहेत. तोवर जामिनदार आणला तर मल्हारी घरी, नाहीतर आत.

मग येडबामामाने माझ्याकडे पाहिलं. "तुमाला घर हाय, नोकरी हाय. तुमी सही केली तर भागतंय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

८ नोव्हेंबर

हो म्हणालो, पण जामिनदाराला कोर्ट विचारणारच: राहणार कुठले? कधीपासून? मूळ गाव? बाप कोण? शपथेवर सांगावं लागेल. खोटं सांगितलं तर एक खोटं कागदावर होतं त्याचं दुसरं शपथेवर होईल. खरं सांगितलं तर नोकरी गेलीच, वर फसवणुकीचा खटला. मग मला कोण जामीन राहणार?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण माझ्यामागचा राक्षस सरकारी पाकिटातून येतो, त्यावर शिक्का असतो.

११ नोव्हेंबर

मल्हारीची बायको कासाबाई दुपारभर आमच्या चुलीपाशी बसून होती. दिवस भरत आलेत तिचे. मनकर्णेशी फारसं बोलली नाही, नुसती ज्वारी पाखडू लागली. गेल्यावर मनकर्णा म्हणाली, "गरीब हाय बिचारी. पोटुशी हाय आन मेंढरामागं एकलीच फिरायलीय."

मी म्हणालो, "हं."

"तुमी जाणार हाव न्हवं पाथरीला?"

मी दचकलो. तिला कुणी सांगितलं? कासाबाईनेच सांगितलं असणार. मी म्हणालो, जायचंय, पण तू बाहेर बोलू नको. ती म्हणाली, "मी कुणाला बोलायलेय?" आणि परातीत पीठ घेतलं.

१३ नोव्हेंबर

वहीवर पिठाचा डाग दिसला, आणि वही उलटी ठेवलेली. मी नेहमी सुलटी ठेवतो. कणगीत उंदीर झालेत. आता तेवढंच बाकी होतं.

शेजारच्या गावच्या मास्तराला तपासनीसांनी तीन तास उलटसुलट विचारलं. तो सेलूचा, सात पिढ्यांचा मुलकी, तरी घामाघूम झाला. तपासनीस म्हणजे आबासाहेब. माणूस मऊ बोलतो आणि दोनदा विचारतो. आमच्या गावी चोवीस तारखेच्या सुमारास येणार.

म्हणजे सतराला कोर्ट, चोवीसला आबासाहेब. सतराला कोर्टात जे बोलेन ते चोवीसपर्यंत पाथरीहून इथे येऊन पोचणार. कोर्ट आणि कचेरी यांच्यामध्ये एक भिंत आहे, त्या भिंतीलाही खिडकी आहे.

दिवसभर सायकलच्या घंटेचा आवाज आला की मी उठून उभा राहतो. पोरंही उठतात, त्यांना वाटतं साहेब आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. उद्या जाणार. आज मनकर्णेने न सांगता माझं धोतर आणि कोट धुतला. भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवला. मी तिला तारीख सांगितली नव्हती.

येडबामामा येऊन गेला. उद्या दोघांनी पहाटेच चालत निघायचं. जाताना म्हणाला, "मास्तर, भिऊ नका. खरं बोलनाऱ्याला कोर्ट काय करतंय? आमच्या मल्हाऱ्याला बी काय केलं न्हाई अजून." हे तो भाबडेपणाने म्हणाला की खोचून, ते कळलं नाही. खोचूनच म्हणाला असेल.

१७ नोव्हेंबर

गेलो नाही.

पहाटे उठलो, कोट घातला, वेशीपर्यंत गेलो. तिथे जिंतूरकडून आलेली एक जीप उभी होती, सरकारी. ड्रायव्हर पाणी भरून घेत होता. तो मला म्हणाला, "मास्तर का तुम्ही?" इतकंच. मी वळलो. घरी येऊन घोंगडी अंगावर ओढली. मनकर्णेला म्हणालो, ताप आलाय. तिने कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. ताप नव्हता, ते तिला कळलं असणार. येडबामामा दारात आला तेव्हा तीच बाहेर गेली. काय सांगितलं देव जाणे. तो एकटा गेला.

शिंक्यावरची भाकरी तिने सोडली नाही.

१८ नोव्हेंबर

सहा महिने.

जामिनदार हजर नाही, आरोपीला ठावठिकाणा नाही, सबब सवलत देता येत नाही. सहा महिने सक्तमजुरी. येडबामामाने ओट्याखाली उभं राहूनच सांगितलं. वर आला नाही. "तुमचा ताप कसा हाय?" म्हणून विचारलं मात्र.

मनकर्णा आज सकाळपासून त्याच बांधलेल्या भाकऱ्या खातेय. वाळून खापर झाल्यात. मी म्हणालो, ताजी कर ना. म्हणाली, "अन्न वाया घालू नये."

२१ नोव्हेंबर

सहा महिने म्हणजे मेंढरं बाहेर न्यायला घरात गडी माणूस नाही. इथला चारा संपला. येडबामामाने अर्धी मेंढरं सेलूच्या बाजारात घातली. बाकीची गावाच्या आसपासच, पुन्हा त्याच चौकीदाराच्या नाकासमोर. ही सगळी माझी करणी आहे. मी लिहितो तेव्हा मला हे स्पष्ट दिसतं. वही मिटली की मात्र वाटतं, मी गेलो असतो तरी काय झालं असतं? मीच आत गेलो असतो. मग दोन घरं उघड्यावर. निदान एक तर वाचलं.

हे वाचून मला माझीच लाज वाटते. पण खोडत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आबासाहेब आले. आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

शाळेच्या ओट्यावर खुर्ची मांडली. त्यांनी माझी फाईल उघडली, सर्टिफिकेट काढलं, आणि मऊ आवाजात म्हणाले, "यावर साक्ष आहे येडबा नावाच्या इसमाची. जिवंत आहे? बोलवा."

ज्याच्या पोराला मी सात दिवसांपूर्वी तुरुंगात जाऊ दिलं, त्याच्या जिभेवर आता माझी भाकरी होती. सूड घ्यायला कुणालाही एवढी सोपी जागा मिळत नाही. नुसतं "मला आठवत न्हाई" म्हणाला असता तरी पुरे होतं.

येडबामामा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आबासाहेब म्हणाले, "हा मास्तर इथलाच का? नीट आठवून सांगा. हा कागद करताना अंगठा उठवलाय तुम्ही."

"अंगठ्याचं काय घिऊन बसलाव, सायेब," येडबामामा म्हणाला. "अंगठा कुनीबी उठवतंय. मी भंडारा उचलतो."

त्याने कमरेची पिशवी सोडली. परवाच चंपाषष्ठी झाली, पिशवीत खंडोबाचा भंडारा होता. धनगर माणूस कागदावर काय वाटेल ते करील, पण भंडाऱ्यावर खोटं बोलत नाही. बोलला तर त्याची मेंढरं मरतात असं ते मानतात. हे सगळा तालुका जाणतो, आबासाहेबही जाणत असावेत. ते खुर्चीत पुढे सरकले. येडबामामाने चिमूटभर हळद कपाळाला लावली, मूठ वर धरली आणि म्हणाला, "हा आमचा हाय. आमच्या वाड्यात राती काडल्या ह्यानं, आमच्या मेंढरांचं दूध पेला, आमच्यासंगं चालला. आमचा न्हाई म्हनत आसंल कुनी तर त्यानं समोर येऊन म्हनावं. येळकोट."

आबासाहेबांनी दोनदा विचारलं नाही. लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

ते गेल्यावर मी मामाच्या मागे धावलो. "मामा, माझ्यासाठी भंडाऱ्यावर खोटं बोललास?"

तो खरंच गोंधळला. "खोटं काय बोललो? आमी इथले म्हंजी कुठले, मास्तर? मेंढरांचा वाडा बसंल तिथले. तुमी त्या वाड्यात व्हता. आमचेच न्हवं?" मग चालता चालता म्हणाला, "तहसिलीत बोललो ते खोटं व्हतं. जन्मला म्हनलो ते. त्याचं मला अजून लागतंय."

मल्हारीचं नाव त्याने काढलं नाही. मीही नाही.

२७ नोव्हेंबर

सुटलो. कागद पक्का झाला. मनकर्णेने गोड काही केलं नाही. मी सांगितलं तेव्हा "बरं झालं" म्हणाली आणि कासाबाईकडे निघून गेली.

पगार आणायला पाथरीला गेलो होतो. बाजारात कोर्टाचे पेशकार किशनराव भेटले, भले गृहस्थ. सहज विचारावं तसं विचारलं, की समजा मल्हारीला जामिनदार आला असता तर कोर्टाने त्याला काय काय विचारलं असतं? ते म्हणाले, "विचारायचं काय? इथे राहता का, कामधंदा काय, सही करा. दोन मिनिटं."

"मूळ गाव? जन्म कुठला?"

"त्याच्याशी कोर्टाला काय करायचं? माणूस आज कुठे सापडतो, एवढंच पाहतात. तुम्ही मास्तर, तुमची सही तर डोळे मिटून घेतली असती." मग पानाचा तोबरा सावरून म्हणाले, "अजूनही वेळ गेली नाही हो. परभणीच्या वरच्या कोर्टात अपील होतं. तीस दिवसांची मुदत. ते कोर्टही हमीवर सोडू शकतं. जामिनदार तेवढा पाहिजे."

मी बाजारात काय घेतलं, कसा परत आलो, आठवत नाही. मीठ आणायचं राहिलं.

म्हणजे ज्या प्रश्नाला मी भ्यालो तो कुणी विचारणारच नव्हतं.

३० नोव्हेंबर

जायला हवं. आता कसली भीती? कागद तर पक्का झाला.

पण परभणी म्हणजे जिल्हा. तिथे शिक्षण खात्याची मोठी कचेरी आहे. नुकतं मिटलेलं प्रकरण, आणि त्यात मीच वरच्या कोर्टात नाव गाजवायचं? कुणी म्हणेल, ज्याने मास्तरासाठी भंडारा उचलला त्याच्याच पोराला मास्तर जामीन! दोघांचं साटंलोटं आहे. फाईल पुन्हा उघडेल. मामाचा भंडाराही फुकट जाईल. थोडे दिवस थांबावं. मुदत १७ डिसेंबरपर्यंत आहे.

चोराच्या मनात चांदणं. मला माहीत आहे. तरी थांबतो.

२ डिसेंबर

कासाबाईला मुलगी झाली. पालात. मनकर्णा दोन दिवस तिकडेच होती. मी पाळण्याला दोरी पाठवली.

उद्या शाळा तपासणीचे तक्ते करायचे आहेत. परवा बघू.

३ डिसेंबर

मी मनकर्णा लिहितेय. हळू लिहिते.

वही मला तुमी लिवायला लागल्यावर पयल्याच आठवड्यात घावली. जवारी रोज मीच काडते. उंदीर न्हाई, मी व्हते. आधी नुसती अक्षरं लावली, मग वाचता आली. जोडाक्षरं मला येत्यात.

तुमी वऱ्हाडातले हाव हे मला लग्नाच्या दुसऱ्या म्हयन्यात कळलं. झोपेत तुमी तिकडचं बोलता. मी कुणाला सांगितलं न्हाई, पुढं बी सांगणार न्हाई.

वही वाचून मी गप बसले, कारण मला वाटायचं, उद्या तुमी जाल. रोज वाचायची आन रोज वाटायचं. सतरा तारखेला तुमच्या कपाळावर हात ठेवला तवा बी वाटत व्हतं, आता उठताल.

चौदा दिवस ऱ्हायलेत. मी मोजले. येडबामामाला मी सांगून आले, मास्तर उद्या परभणीला यायलेत. नोकरी गेली तर जाऊ द्या. मला मेंढरं वळता येत न्हाईत, पण शिकंन. अक्षरं शिकले तशी.

कोट धुतलाय. भाकरी बांधून शिंक्यावर ठेवली हाय. आपल्या दोघांची हाय.